भिंगरी आणि अकरा बाटल्या

कुठल्याही खोलीत शिरताना ती दारात क्षणभर थांबून एक श्वास घ्यायची, मग आत पाऊल टाकायची. चहा ओतण्याआधी रिकामा कप हुंगायची. कामाच्या दिवशी साबण नाही, केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही. लिफ्टमध्ये कोणी अत्तर लावून आलं तर ही जिन्यानं जायची. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला ते खुपसायची. म्हणायची, "आपला वास आपल्याला येत नाही. म्हणून नाकाला तिथं जरा बसायला मिळतं."

स्वतः मात्र बसायची नाही. खुर्चीच्या कडेला टेकायची, तीसुद्धा निघायच्या तयारीत असल्यासारखी. फोनवर बोलताना चालायची. जेवता जेवता दोनदा उठायची. बसची वाट बघण्यापेक्षा पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊ म्हणायची, आणि दोन थांब्यांच्या मधे असताना बस तिच्या शेजारून निघून जायची. त्यावर ती ड्रायव्हरला शिव्या घालायची.

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. हे नाव ताईनं, तिच्या थोरल्या बहिणीनं, लहानपणीच ठेवलं होतं. साठी जवळ आली तरी ते सुटलं नव्हतं.

वाईन विकणाऱ्या एका जुन्या दुकानाच्या तळघरात ती कामाला होती. सुरुवातीला बाटल्या धुवायची. मग लेबलं चिकटवायला लागली. एकदा थोरल्या मालकांनी गंमत म्हणून तिच्यासमोर दोन ग्लास ठेवले आणि विचारलं, फरक काय? ती म्हणाली, "हा ग्लास नीट धुतलेला नाही. आणि त्यातली वाईन दुसरीपेक्षा चांगली आहे." मालक हसले. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बदललं.

ते काम तसं सोपं वाटायचं. लाल वाईन वर्षानुवर्षं ठेवली की तिचं बूच म्हातारं होतं, भुसभुशीत होतं. त्यातून वाईन झिरपते, बाटली मानेपाशी रिकामी होते, आत हवा साठते. मग बूच काढायचं, वास घ्यायचा, थेंबभर चाखायची, बाटली पुन्हा भरून काढायची आणि नवं बूच ठोकायचं. भरायला मात्र तीच वाईन लागते, त्याच वर्षाची. म्हणून पेटीतली एक बाटली बाकीच्यांसाठी फोडायची. "एकीनं मरायचं आणि अकराजणींनी जगायचं," असं ती म्हणायची.

धोका तिथंच होता. कधी कधी बूचच आतून बिघडलेलं असतं. वरून कळत नाही. त्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. दुकानात त्याला बुचाची बाधा म्हणत. आणि ही बाधा मोठी लबाड. नाकाला ती पहिल्या श्वासातच सापडते. दुसऱ्या श्वासाला नाक बधिर होतं. तिसऱ्याला वाटतं, छे, काही नाही, उगाच शंका. पुढची बाटलीही मग स्वच्छच वाटते. म्हणून बाधेची बाटली हुंगली की हातातलं काम टाकून बाहेर जायचं, मोकळ्या हवेत मोठी चक्कर मारायची, आणि मगच परत यायचं. हा नियम तिनंच घालून दिला होता. तळघरातल्या इतरांनी तो मोडला तर ती त्यांना फाडून खायची.

तिच्या वरच्या मजल्यावर एक तरुण भाडेकरू राहायचा. साहित्य शिकलेला. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. कविता त्यानं आयुष्यात एकही केली नव्हती, तरी ती त्याला कविराज म्हणायची. तो तिला मावशी म्हणायचा. दुकानातल्या महाग बाटल्यांच्या गळ्यात वर्णनाची छोटी चिठ्ठी अडकवायची पद्धत होती. नाक तिचं होतं, पण शब्द तिला वेळेवर सापडत नसत. म्हणून संध्याकाळी ती ग्लास घेऊन वर यायची.

"काय लिहिलंस?"

"काळाच्या कुशीत विसावलेली..."

"विसावलेली काय? आडवी ठेवतात तिला. झोपलेलीच असते. वास कसला येतो ते सांग."

"जुन्या आठवणींचा."

"कुणाच्या? माझ्या सासूच्या आठवणींना फिनेलचा वास येतो."

पण दुसऱ्या दिवशी तीच अडायची. ग्लास नाकाशी धरून खोलीभर फिरायची. "आहे रे, आहे. शाळेतला आहे. लाकूड आहे, पण टेबलाचं नाही. सांग ना!" तो एकेक शब्द पुढे करायचा. दप्तर? नाही. फळा? नाही. पेन्सिलीला टोक काढल्यावर पडतो तो भुसा?

"तो! तोच!" असं म्हणून ती त्याच्या पाठीत असा धपाटा घालायची की त्याच्या ग्लासातली सांडायची.

ताईचे यजमान टेलर होते. भाऊजी. कापड कापण्याआधी तीनदा मोजणारा माणूस. तीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा थोरल्या मालकांचे सूट शिवून दिले आणि बदल्यात लाल वाईनची एक पेटी घेतली. कुठली घ्यायची ते भिंगरीनं निवडलं होतं. तिनं आयुष्यात निवडलेली ती पहिली वाईन. तेव्हा ती कडक होती, जीभ ओढून घ्यायची. ताईनं एक थेंब चाखून तोंड वाकडं केलं होतं. भिंगरी म्हणाली होती, "भाऊजी, हिला म्हातारी होऊ द्या. मग एक दिवस प्याल आणि तुम्हाला कळेल मी काय म्हणत होते."

भाऊजींनी ते इतकं मनावर घेतलं की त्यांनी ती उघडलीच नाही. दहा वर्षांनी ती म्हणाली, आता उघडा. ते म्हणाले, अजून थोडं थांबू. वीस वर्षांनी तेच. प्रत्येक बाटली त्यांनी सुटाच्या अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. शेवटी शेवटी अस्तरावर लाल डाग पडायला लागले. बुचं झिरपत होती. भिंगरी वर्षभर त्यांच्या मागे लागली, बाटल्या तळघरात आणा, बुचं बदलू. ते आज येतो, उद्या येतो करत राहिले. आणि एका सकाळी, काही न कळवता, टोपली घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरले.

नेमकं त्याच वेळी तिनं दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची तक्रारीची बाटली हुंगली होती. बाधा होती. चांगलीच होती. नियमाप्रमाणे तिनं बाहेर जायला हवं होतं.

"येऊ का गं मी परत?" भाऊजी म्हणाले. "तू कामात दिसतेस. पुढच्या महिन्यात बघू."

त्यांनी टोपलीच्या कडीला हातसुद्धा घातला. आत्ता ही चक्कर मारायला गेली असती तर परत येईपर्यंत टोपली घरी गेली असती.

"ठेवा ती खाली," ती म्हणाली. "हात लावाल तर बघा."

तिनं कोपरात नाक खुपसलं. एकदा, दोनदा. नाक ताळ्यावर आलंसं वाटलं. सगळ्यांत कमी भरलेली बाटली फोडण्यासाठी निवडली, बूच काढलं, हुंगलं. स्वच्छ. एक घोट घेतला. वाईन थोडी मुकी वाटली. फळाचा वास जिथं असायला हवा तिथं काहीच नव्हतं.

"कशी आहे?" भाऊजींनी विचारलं.

"म्हातारपणी सगळेच जरा कमी बोलतात."

भाऊजी हसले. मग तिचे हात चालू लागले. या बाटलीत चमचाभर, त्या बाटलीत थोडी जास्त, काही बाटल्या भरलेल्याच होत्या, त्यांत एक थेंबही नाही. पटापट नवी बुचं बसली. भाऊजी अकरा बाटल्या घेऊन घरी गेले. भिंगरी दिवसभर तळघरात गुणगुणत होती.

फोडलेल्या बाटलीत थोडी उरली होती. ती संध्याकाळी कविराजाकडे घेऊन गेली. "ही माझी. मी निवडलेली. बघ."

कविराजानं हुंगलं. ग्लास टेबलावर ठेवला.

"बोल की."

"नको. चुकेल माझं."

"चुकलास तर हसेन. मारणार थोडीच आहे?"

"ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय, मावशी."

ती हसली नाही. तिनं ग्लास घेतला. बाहेरच्या हवेतून चालत आली होती, नाक ताजं होतं. एकच श्वास. तिनं ग्लास खाली ठेवला आणि खुर्चीत बसली. पाठ टेकून बसली. कविराजानं तिला तसं बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला भीतीच वाटली.

त्यानंतर तिच्या पायांना उसंतच राहिली नाही. दुकानातून घरी, घरातून ताईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत, तिथून मागे. रात्रीचं जेवण ताटात गार व्हायचं. कविराज छापखान्यातून सुटला की तिच्या मागे चालायचा. तिच्याबरोबर चालणं कोणालाच जमत नसे.

"मावशी, बाटलीत चमचाभर तर गेली असेल. त्यांना कळणारही नाही."

"मला कळेल."

"मग तुम्ही जाऊ नका प्यायला."

ती रस्त्यातच थांबली. "तुला माणसं कळत नाहीत कविराज, पुस्तकं कळतात. तीस वर्षं मी त्यांना सांगतेय, एक दिवस प्याल आणि तुम्हाला कळेल. तो दिवस येईल. ते ग्लास उचलतील. तोंडात ओला पुठ्ठा घेतील. आणि म्हणतील, छान आहे. मला बरं वाटावं म्हणून. आणि मनात म्हणतील, यासाठी थांबलो होतो होय." ती पुन्हा चालायला लागली. "छान आहे म्हणतील. तसेच आहेत ते."

तरी गल्लीच्या आत जायला तिला बरेच दिवस लागले. गेली तेव्हा दार उघडंच होतं. ताई भाजी चिरत होती. भाऊजी खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होते.

"भाऊजी, मी तुमच्या बाटल्या नासवल्या."

"आधी आत तरी ये," ताई म्हणाली.

तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तक्रारीची बाटली, बधिर नाक, मोडलेला नियम. भाऊजींनी सुई उशीत टोचली.

"सगळ्याच नासल्या?"

"माहीत नाही. ज्यांत घातलं नाही त्या चांगल्या असतील. ज्यांत थेंबभर घातलं त्याही कदाचित."

"कुठलीत किती घातलंस?"

"लक्षात नाही."

"मोजलं नाहीस?"

"नाही."

भाऊजींनी मान हलवली. "मी काज करतानासुद्धा तीनदा मोजतो गं."

"माहितीये! तीनदा मोजता आणि कापतच नाही! तीस वर्षं कात्री हातात धरून बसलात. वेळेवर प्याला असतात तर बुचं बदलायची वेळच आली नसती!"

"हे मात्र खरं," ताई म्हणाली. मग बहिणीकडे वळली. "आणि तू काय तोंड वर करून बोलतेस? जगाच्या वाईनला नाकं मुरडून झाली, आणि घरच्या बाटल्यांपाशी नाक गहाण ठेवलंस?"

ताईनं सुरी खाली ठेवली. "बस. बस म्हणते ना. आता करायचं काय ते सांग."

करण्यासारखं एकच होतं. उघडून बघायचं. पण इतकी म्हातारी वाईन पुन्हा पुन्हा उघडझाप सोसत नाही. एकदा उघडली की त्याच दिवशी प्यायची, नाहीतर ओतून द्यायची. आणि एका वेळी एकच, कारण ती बाधेची निघाली तर नाक त्या दिवसापुरतं गेलं.

"रोज सकाळी एक," भिंगरी म्हणाली. "दोन आठवड्यांत सोक्षमोक्ष."

"महिन्याला एक," भाऊजी म्हणाले.

"रविवारी एक," ताई म्हणाली. "आणि त्या पोरालाही आण. तुझ्यामागे पळून पळून वाळलाय."

पहिल्या रविवारी चौघं टेबलाशी बसले. म्हणजे तिघं बसले. भिंगरीनं बूच काढलं, एक श्वास घेतला आणि डोळे मिटले. तिच्या तोंडावरून सगळ्यांना कळलं. भाऊजींनी तरी ग्लास उचलला, घोट घेतला, गिळला.

"छान आहे की," ते म्हणाले.

तिनं त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि मोरीत ओतला. बाटलीही ओतली. "खोटं बोलू नका माझ्याशी. काहीही करा, पण ते नको." भाऊजींनी शिवणाच्या खडूनं रिकाम्या बाटलीवर फुली मारली.

दुसऱ्या रविवारीही फुली. त्या आठवड्यात तिनं दुकानात एकही बाटली स्वतःच्या जबाबदारीवर पास केली नाही. प्रत्येक वेळी धाकट्या मालकांना बोलवायची, तुम्ही हुंगा. ते वैतागले. "बाई, मी हुंगायचं असेल तर तुम्ही कशाला?" "तेच विचारतेय मी स्वतःला," ती म्हणाली आणि चक्कर मारायला निघून गेली.

तिसऱ्या रविवारी तिनं बूच काढलं, श्वास घेतला. पुन्हा घेतला. ग्लासात ओतली. गाळ हलू नये म्हणून इतकी हळू ओतली की ताई म्हणाली, ही आपलीच भिंगरी ना?

ग्लास तिनं पांढऱ्या कागदावर तिरपा धरला. मधे काळपट लाल. कडेला मात्र रंग फिका होत होत जुन्या विटेसारखा झालेला. वयाचा रंग. मग तिनं सगळ्यांच्या हातात ग्लास दिले.

आधी सुकलेल्या अंजिराचा वास होता. त्याच्यामागून चामड्याचा, नव्या चपलेचा नाही, वर्षानुवर्षं वापरलेल्या पाकिटाचा. मग भिजलेली पानं, झाडाखाली थर साठलेली. तोंडात घेतल्यावर ती कुठंच टोचत नव्हती. तो जीभ ओढणारा कडकपणा विरघळून मऊ झाला होता, आणि गिळल्यावरही चव जात नव्हती, दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी.

"अजून काहीतरी आहे," भिंगरी उठली आणि फेऱ्या मारायला लागली. "गरम आहे. ओलं आहे आणि गरम आहे. कविराज, सांग!"

"चहाची पत्ती?"

"नाही."

"राख?"

"नाही रे! कापड आहे काहीतरी."

भाऊजी ग्लासात नाक घालून बसले होते. ते हळूच म्हणाले, "लोकरीच्या कापडावर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली की वाफ येते. ती."

भिंगरी जागच्या जागी थांबली. ग्लास नाकाशी नेला.

"तीच," ती म्हणाली. "भाऊजी, तीच."

ती येऊन बसली. भाऊजींनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. मग म्हणाले, "इतकी वर्षं मला का थांबवलंस गं?"

"मी? मी थांबवलं?"

ताईला ठसका लागेपर्यंत हसू आलं. त्या बाटलीवर भाऊजींनी खडूनं बरोबरची खूण केली. नीट, सरळ, मोजल्यासारखी.

पुढचे रविवार असेच गेले. कधी फुली, कधी खूण. फुली आली की ती गल्लीत फेऱ्या घालायची, पण परत यायची. दुकानात ती पुन्हा स्वतः पास करू लागली. आणि नवल म्हणजे भाऊजींचा धीर सुटला. शनिवारीच फोन करायचे. "उद्या लवकर ये. त्या पोराला सांग, दाढी नंतर कर म्हणावं."

अशाच एका रविवारी ती खरंच लवकर आली. भाऊजी पाव आणायला गेले होते. कविराज जिना चढून आला तेव्हा बाटली टेबलावर उभी होती. भिंगरीनं तिच्या तोंडावरचा पातळ पत्रा कापला, कड पुसली, स्क्रू बुचात घातला आणि पिळायला सुरुवात केली. अर्ध्यावर हात थांबला.

"काढ की," ताई म्हणाली. "येतीलच ते."

"नको. येऊ दे त्यांना." तिनं हात स्क्रूवरून उचलला. "पहिला श्वास आज त्यांना घेऊ दे. बघू त्यांना काय कळतं ते."

ताई आणि कविराजानं एकमेकांकडे बघितलं. पहिला श्वास तिनं कधी कोणाला दिला नव्हता.

"तोवर मी एक चक्कर मारून येते," ती म्हणाली. "बसवत नाही."

भाऊजी पाव घेऊन परत येत असताना त्यांना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर माणसं जमलेली दिसली. त्यांनी आधी तिचा हात ओळखला. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल. ते असंच म्हणतात.

बाटली अजून टेबलावर आहे. ताई तिच्याभोवतीनं फडकं फिरवते. कपाटात अस्तरात गुंडाळलेल्या बाकीच्या बाटल्या आहेत, त्यांच्यावर खडूची खूण नाही आणि फुलीही नाही. रविवारी कविराज येतो. भाऊजी त्याच्यासमोर बसतात. परवा त्यांनी मूठ उचलून स्क्रूवर ठेवली. तशीच ठेवली बराच वेळ. मग काढून घेतली.

स्क्रू बुचात अर्धा गेलेला आहे. राहिलेले वेढे कोणी दिलेले नाहीत.